पाहणी

बाहेरदेशी कुणी टॉवेल घेणारा आहे,
त्याला लेखी हवंय म्हणे,
कामगार सुखी आहेत का.

शेठनी एक्केचाळीस फॉर्म माझ्या टेबलावर ठेवले.
प्रत्येकावर पाच तोंडं छापलेली,
पहिलं रडकं, पाचवं हसरं,
मधलं आमच्या नरसय्या जॉबरसारखं.
"दिवाणजी, शनिवारपर्यंत. आणि खरं लिहा."
खरं लिहा असं म्हणाले, खोटं कशाला सांगू.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चोवीस माग.
तिथे माणसाला स्वतःचं नाव ऐकू येत नाही,
सुख कुठलं.
यादगिरीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो,
सुखी आहेस का?
तो म्हणाला, चालेल, अर्धा कप.

मग तेलुगूत विचारलं,
तीस वर्षं हजेरी मांडताना आली तेवढी तेलुगू:
बागुन्नावा?
बागुन्ना, तो म्हणाला.
घडी घालणाऱ्या तिघी एका सुरात बागुन्नाम.
कांडी भरणारी अंबव्वा म्हणाली,
बागुन्ना. मीरु?
आणि तुम्ही, असं.
मी पुढच्या फॉर्मकडे वळलो.

अशोक चौकात भेटलेला माणूसही हेच म्हणतो,
अंगात ताप असला तरी.
मी पाचव्या तोंडावर खुणा करत गेलो.

फक्त शिलाईवरची सुलोचना चिट्याल थांबली.
"विचारतंय कोण?
शेठ विचारत असतील तर हसरं घाला.
तुम्ही विचारत असाल तर सुट्टीत सांगते."
सुट्टीत तिने कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणीचा डबा माझ्याकडे सरकवला
आणि मुलीच्या बारावीचं बोलत राहिली
भोंगा होईपर्यंत.

आता शेठचं सांगतो.
एप्रिलमध्ये त्यांनी छताला फवारे बसवले.
आपल्याकडचं ऊन कोरडं,
चव्वेचाळीसच्या पुढे सूत तडातड तुटतं,
सुताला ओल लागते.
खाली माणसंही असतात.
दुपारी बारीक थेंब उतरतात
तेव्हा यादगिरी मान वर करून दोन क्षण डोळे मिटतो.
आता हे सुतासाठी म्हणायचं की यादगिरीसाठी?
बिल मी पाहिलंय, सुताच्या खात्यावर आहे.
पण बिलात डोळे मिटणं कुठल्या खात्यावर मांडतात,
मला तरी ठाऊक नाही.

गेल्या वर्षी त्याचं बोट चाकात गेलं
तेव्हा मोटार शेठनी स्वतः बंद केली,
स्वतःच्या गाडीतून नेला,
रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसले
हातावर त्याचं रक्त वाळलेलं.
सीटचं कव्हर बदललं, त्याचे पैसे लावले नाहीत.
दवाखान्याचे लावले.
दर शनिवारी दोनशे, उचल या रकान्यात,
माझ्याच अक्षरात.

शनिवारी गठ्ठा घेऊन वर गेलो.
शेठनी सगळे फॉर्म उलटून पाहिले,
पत्ते पिसल्यासारखे, मग सावकाश.
"सगळे पाचवे?"
सगळे.
खूश होतील वाटलं होतं.
चष्मा काढून ते काचेतून खालच्या मागांकडे बघत राहिले.
"मग यादगिरी माझ्याशी बोलत का नाही, दिवाणजी?
आधी रथाच्या दिवशी घरी यायचा."

माझ्या काखेत उचलीचं रजिस्टर होतं.
उघडून दाखवता आलं असतं,
रकाना तिथेच होता,
आठवड्याचा आकडा त्यांनीच ठरवलेला.
मी खाकरलो.
तेवढ्यात फोन वाजला, कंटेनर न्हावाशेवाला अडकलेला,
शेठनी बोलता बोलता एक्केचाळीस सह्या केल्या.

जिन्यावर आठवलं,
यादीत माझं नाव नव्हतं.
चुकून राहिलं असेल,
किंवा मला ते कामगारात धरत नसतील,
किंवा मालकात.

खाली अंबव्वा चाकापाशी बसलेली.
वाकून तिच्या कानाशी सांगितलं,
तिने बुधवारी विचारलं होतं त्याचं उत्तर,
जरा लांबच झालं.
एमी? ती ओरडली.
मी पुन्हा सांगितलं.
तिने मान हलवली, ऐकू आल्यासारखी,
आणि दुसरी कांडी लावली.